वादनाने वाद्य मुरते काय? : तंतुवाद्यांच्या यांत्रिक कंपनाचा एक इतिहास

लोणचे मुरते, गळा तापतो, त्याचप्रमाणे वाद्यही वाजून वाजून खुलते, ही समजूत वादकांच्या जगात जवळजवळ सर्वत्र आढळते. व्हायोलिनच्या युरोपीय परंपरेत तर तिला सिद्धांताचेच स्थान मिळाले आहे. नवे व्हायोलिन कोंडलेल्या आवाजाचे असते. चांगल्या वादकाच्या हाती काही वर्षे राहिले की लाकूड ‘मोकळे’ होते. आणि दीर्घकाळ पेटीत पडून राहिलेले वाद्य ‘झोपी जाते’, त्याला पुन्हा जागे करावे लागते, असे तेथे मानले जाते. ही भाषा उघडच चरित्राची भाषा आहे. तीत जन्म आहे, संस्कार आहे, निद्रा आणि जागृती आहे. या चरित्रात्मक कल्पनेचे विसाव्या शतकात एका यांत्रिक प्रक्रियेत रूपांतर कसे झाले, ती प्रक्रिया मोजमापाच्या कसोटीवर कितपत उतरली आणि तंबोऱ्याच्या परंपरेशी तुलना केली असता तिचे स्वरूप कसे उलगडते, यांचा विचार येथे अभिप्रेत आहे.

समजुतीचे परिणाम केवळ काव्यात्म नसतात, हे दोन वाद्यांच्या भाग्यावरून दिसते. ग्वार्नेरी देल जेझू याने १७४३ मध्ये घडवलेले ‘काननोने’ हे व्हायोलिन पागानिनीने जेनोवा नगरीला दिले. १८४० मध्ये पागानिनीचे निधन झाल्यानंतर ते नगरीच्या ताब्यात आले. ते जपले जाते, पण मुके ठेवले जात नाही. १९५४ मध्ये सुरू झालेल्या पागानिनी स्पर्धेतील विजेत्यांना ते वाजवण्याचा मान मिळत आला आहे. याउलट स्त्रादिवारीचे १७१६ चे ‘मसाया’ हे व्हायोलिन हिल घराण्याच्या देणगीतून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आले. त्याची कीर्तीच मुळी ते जवळजवळ न वाजलेले, नव्यासारखे आहे या गोष्टीवर उभी आहे. वादनाने वाद्य सुधारत असेल, तर दुसऱ्या वाद्यावर मौनाची शिक्षा लादली गेली आहे. सुधारत नसेल, तर पहिल्याची प्रत्येक मैफल म्हणजे वारशाची थोडी थोडी झीज आहे. दोन्ही संस्था आपापल्या परीने कर्तव्यच बजावत आहेत. मात्र त्या कर्तव्यामागील गृहीतके परस्परविरोधी आहेत.

या गृहीतकाची शास्त्रीय तपासणी लाकडाच्या कंपनाच्या अभ्यासातूनच संभवली. क्लाडनी याने १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून आणि कडेवरून गज फिरवून कंपनाच्या आकृती दृश्य केल्या. फ्रान्समध्ये फेलिक्स सावार याने हीच रीत व्हायोलिनच्या फळ्यांना लावली आणि १८१९ च्या आपल्या प्रबंधात सपाट फळ्यांचे, समलंब आकाराचे एक व्हायोलिन मांडले. विद्वानांच्या समितीसमोर त्याची एका नामांकित जुन्या इटालियन व्हायोलिनशी तुलना झाली, आणि हे अगदी नवे, ओबडधोबड दिसणारे वाद्य त्याच्या तोडीचे ठरले. वय आणि वादन यांना श्रेय देणाऱ्या परंपरेला मिळालेले हे कदाचित सर्वांत जुने प्रायोगिक आव्हान होय. पुढे हेल्महोल्ट्झने १८६३ च्या ग्रंथात गजाने छेडलेल्या तारेची गती कंपन-सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने स्पष्ट केली. तथापि या सर्व प्रयोगांत एक घटक अनियंत्रित राहिला होता. तो म्हणजे वादकाचा हात.

हा हात बाजूला काढण्याचे एक महत्त्वाचे काम कलकत्त्यात झाले. चंद्रशेखर वेंकट रामन अर्थखात्यातील नोकरी सांभाळून बहुबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत संशोधन करीत आणि १९१७ नंतर विद्यापीठातील प्राध्यापक म्हणूनही त्यांनी ते तेथेच चालू ठेवले. व्हायोलिन कुलातील वाद्यांच्या कंपनांचा त्यांचा सैद्धांतिक प्रबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये त्यांनी यंत्राने वाजवलेल्या व्हायोलिनवरील प्रयोग प्रसिद्ध केले. या यंत्रात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच एकसारख्या वेगाने मागेपुढे सरकवले जाई. त्यामुळे गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे बदलून पाहता आल्या. ज्या स्वरांना वाद्याचे शरीर तीव्र अनुनाद देते, तेथे स्वर टिकवण्यासाठी गजाचा अधिक दाब लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले. येथे ध्यानात घ्यावयास हवे ते असे की, रामन यांचे यंत्र वाद्य सुधारण्यासाठी नव्हते. वाद्य जाणून घेण्यासाठी होते. वादनातून वादक वगळता येतो, एवढे मात्र त्याने सिद्ध केले. त्यानंतरचा प्रश्न ओघानेच येणारा होता : वादक वगळून नुसते कंपन वाद्याला दिले, तर वर्षांचे काम दिवसांत होईल काय?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचा व्यवहारात पाठपुरावा झाला. वाद्यासमोर ध्वनिक्षेपक ठेवून तासन्‌तास संगीत वाजवणे, घोडीवर लहान विद्युत-कंपक बसवणे, तारांवर कंपन देणारे उपकरण अडकवून वाद्य काही दिवस तसेच ठेवणे, असे उपाय कारागिरांनी आणि पुढे व्यापाऱ्यांनी पुढे आणले. अमेरिकेत १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कॅटगट अकूस्टिकल सोसायटीच्या एक संस्थापक कार्लीन हचिन्स यांनी १९९८ मध्ये दीर्घकालीन वादनाचा परिणाम मोजता येतो असे प्रतिपादन केले. त्याआधी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये डेव्हिड हंट आणि इमान्युएल बाल्सां यांनी स्प्रूसच्या लाकडावरील निरीक्षणे मांडली होती. दमट हवेत लाकडाला कंपन दिले असता त्याचे अवमंदन घटते आणि ताठपणा वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. अवमंदन म्हणजे कंपनाची ऊर्जा लाकडातील अंतर्गत घर्षणामुळे उष्णतेत विरून जाणे. ते घटले तर तीच ऊर्जा ध्वनीच्या रूपाने अधिक काळ टिकावी, हा तर्क सुसंगत आहे.

परंतु लाकडाची पट्टी आणि घडलेले वाद्य यांत अंतर आहे. ऑस्ट्रेलियात इंटा, स्मिथ आणि वुल्फ यांनी हे अंतर पार करण्याचा प्रयत्न केला. एकाच कारागिराने, त्याच झाडांच्या लाकडापासून, दोन व्हायोलिने बरोबरीने घडवली. एक व्यावसायिक वादकाने नियमित वाजवले. दुसरे संग्रहालयात नियंत्रित हवेत ठेवून क्वचितच वाजवले गेले. तीन वर्षांनंतर वादकांच्या आणि श्रोत्यांच्या पसंतीत लक्षणीय फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजारात मिळणाऱ्या कंपन-उपकरणाचा गिटारवरील परिणाम तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये ‘सावार जर्नल’मध्ये आला, त्यातही उपचार केलेली आणि न केलेली वाद्ये वादकांना वेगळी ओळखता आली नाहीत. क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ वादकांना वाद्यांची ओळख लपवून तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने देण्यात आली होती. सर्वाधिक पसंती एका नव्या वाद्याला मिळाली आणि सर्वांत कमी पसंती एका स्त्रादिवारीला.

या निष्कर्षांवरून वादकांचा अनुभव खोटा ठरवणे मात्र घाईचे होईल. नव्या वाद्यात पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ गोष्टी खरोखरच बदलतात. तारा ताणून स्थिरावतात, लाकूड हवेतील ओलाव्याशी जुळवून घेते, सांधे भार पेलू लागतात, आणि पोटातील उभी काडी आपल्या जागी घट्ट बसते. याहून महत्त्वाचे म्हणजे वादकही बदलतो. कोणत्या स्वरावर किती दाब द्यावा, कोठे वाद्य अडते, कोठे ते सहज उमलते, हे त्याचा हात शिकतो. रामन यांच्या यंत्राने दाबाचे जे चढउतार आलेखात उमटवले, तेच वादकाचा हात नकळत आत्मसात करतो. ‘वाद्य खुलले’ या विधानात वाद्य आणि वादक या दोघांच्या इतिहासाचा एकच कर्ता होतो. भाषेने केलेले हे एकीकरण यंत्राला मात्र उलगडून दाखवावे लागते.

तंबोऱ्याचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक ठरते. १९२१ मध्ये रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर जे टिपण लिहिले, त्यात तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, किंचित बाकदार घोडीचे कार्य दाखवले. तार घोडीच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकेच स्पर्श करते; त्यामुळे छेडण्याच्या जागेवरून जे उपस्वर उमटूच नयेत, तेही निर्माण होतात. तंबोऱ्यात तारेखाली सरकवलेला दोरा हा स्पर्श नेमका साधतो. हीच जवारी. आता या वाद्यात वादनाचा परिणाम नेमका उलटा आहे. वाजवण्याने तार घोडीवर चरे पाडते, पृष्ठभाग झिजतो आणि नाद बसतो. मग कारागीर घोडी पुन्हा घासून जवारी काढतो. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांची कीर्ती वाद्याच्या घडणीइतकीच या हातावर उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिरज संस्थानात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिरांनी ही कला आत्मसात केल्याचे परंपरा सांगते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले.

म्हणजे एका परंपरेत वादन वाद्याला पिकवते, तर दुसऱ्या परंपरेत ते त्याला झिजवते आणि कारागीर त्याला पुन्हा जिवंत करतो. दोन्हीकडची परिभाषा मात्र प्राणवाचकच आहे. व्हायोलिनच्या पोटातील काडीला फ्रेंच आणि इटालियन भाषांत ‘आत्मा’ म्हणतात. दक्षिणेत तंबोऱ्याच्या दोऱ्याला ‘जीवा’चेच नाव आहे. मात्र युरोपीय कथनात तो आत्मा काळाच्या ओघात आपोआप परिपक्व होतो, आणि म्हणून जुन्या वाद्याला मोल येते. तंबोऱ्याच्या कथनात जीव वारंवार घालावा लागतो, आणि म्हणून मोल कारागिराच्या हाताला असते. हा फरक प्रतिभेचा नाही. घोडीच्या आकाराचा आणि त्यातून निघालेल्या श्रमव्यवस्थेचा आहे. रूपकाला भौतिक पाया असतो, हे तौलनिक अभ्यासकाने येथे विसरून चालणार नाही.

या इतिहासात पणाला लागलेली गोष्ट म्हणूनच केवळ ध्वनिशास्त्रीय नाही. वाद्य वाजूनच पिकते असे मानले, तर आज वाद्य घडवणारा कारागीर कायमच अपुरा ठरतो. त्याच्या कामाला श्रेय मिळायचे ते त्याच्या पश्चात. कंपन-उपकरण या अन्यायावरचा तोडगा म्हणून विकले गेले, पण त्याने मूळ गृहीतक अधिकच घट्ट केले : नवे ते कच्चे, आणि कच्चेपणा झटपट घालवता आला पाहिजे. सावारच्या समितीपासून फ्रिट्झच्या प्रयोगापर्यंत ओळख लपवून घेतलेल्या तुलनांनी वेगळीच वाट दाखवली आहे. कंपनाने लाकूड काही अंशी बदलत असेल. पण तो बदल कानाला पोचतो हे अद्याप सिद्ध झालेले नाही. चांगले घडवलेले वाद्य पहिल्या दिवशीही चांगलेच असते, हे मात्र वारंवार दिसून आले आहे. मिरजेचा कारागीर जवारी काढून तंबोरा गवयाच्या हाती देतो, तेव्हा तो हेच गृहीत धरून चाललेला असतो.