रेव्हरंड ना. वा. टिळक : ख्रिस्ताचा कीर्तनकार

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे अंतःकरण जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. याचे मोल जबर होते. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे विभक्त राहिल्या. १९०० मध्ये मात्र त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही टिळकांची कर्मभूमी. अमेरिकन मराठी मिशनचे सेवक म्हणून त्यांनी गावोगावी कीर्तने केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत वाढलेल्या श्रोत्यांना त्यांनी अभंग-ओव्यांतूनच ख्रिस्त सांगितला. १९१७ मध्ये पगारी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचे अपूर्ण महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळक प्रोटेस्टंट होते, आपण कॅथलिक. तरीही आपल्या मातृभाषेत प्रभूला आळवताना आपण या कोकणपुत्राचे ऋणी आहोत, असे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो.