बरगडी गेली, आग राहिली

मानेच्या बुडाशी, जत्रुकास्थी आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेने हाताचे मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात. ही वाट दाटली की हाताला मुंग्या येतात, तो बधिर होतो. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात होम्स कूट यांनी १८६१ साली येथील वाढीव हाड कापून काढले. ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ हे नाव मात्र १९५६ चे, आणि काखेतून बरगडी काढण्याची रूस यांची पद्धत १९६६ ची. परंतु अडथळा दूर झाला म्हणजे वेदना गेलीच, असे नव्हे. दीर्घकाळ दबलेला तंतू सावकाश सुधारतो. कधी व्रणाच्या जाळ्यात पुन्हा जखडतो. टाके सुकतात आणि हात जळतच राहतो.

या जळण्याचा इमानी बखरकार म्हणजे फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल. अमेरिकेच्या यादवी युद्धात तंतू दुखावलेले सैनिक टर्नर्स लेन रुग्णालयात येत. जखम केव्हाच भरलेली. तरी वर्तमानपत्र सळसळले, कोणाचे पाऊल वाजले, तरी रुग्ण कळवळे. कित्येक जण पाण्याची बाटली व स्पंज जवळ बाळगून हात सतत ओला ठेवीत. कोणी बुटांतही पाणी ओती, कारण कोरडे घर्षणही सोसत नसे. रुग्णांनीच शोधलेला हा उतारा! मिचेल यांनी या आगीला ‘कॉझॅल्जिया’ म्हटले. सोंगे घेणाऱ्या सैनिकांवरही त्यांनी सहकाऱ्यांसह १८६४ साली लेख लिहिला होता. म्हणूनच त्यांनी या दुखण्यावर ठेवलेल्या विश्वासाला वजन आहे. (पुढे याच गृहस्थांनी अनेक स्त्रियांना सक्तीच्या विश्रांतीने बेजार केले, ती कथा निराळी.) त्यांचे पुत्र जॉन यांनी १८९५ साली त्या जुन्या रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला, तेव्हा तीस वर्षांनंतरही काहींचे दुखणे टिकून होते.

वेदनेचा संदेश पृष्ठरज्जूतल्या जणू एका दारातून जातो आणि ते दार कमीअधिक उघडते, ही कल्पना मेलझॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. तपशील पुढे बदलले. पण जखम आणि वेदना यांचे माप एकच नसते, हे मान्य झाले. म्हणून आज अॅमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेन्टिनसारखी औषधे वैद्याच्या देखरेखीखाली देतात. ती सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. व्यायामतज्ज्ञ हात गळ्यात बांधून ठेवू देत नाहीत. थोडे हलवावे, थांबावे, पुन्हा हलवावे; बऱ्या दिवशी सगळी कामे उरकण्याचा मोह आवरावा. मात्र हात नव्याने दुबळा होऊ लागला, सुजला वा निळा पडला, तर जुनेच दुखणे म्हणून सोसू नये. शस्त्रवैद्यास तत्काळ दाखवावा.