खोडलेल्या शब्दांतून उमटलेले चेहरे

बंगालमध्ये बदलून आलेल्या मराठी माणसास रवींद्रनाथांचे गीत लवकर भेटते. त्यांची चित्रे मात्र उशिरा भेटतात. एकदा भेटली की त्यांतील स्त्रियांचे चेहरे सहसा विसरले जात नाहीत. ते कशाने रंगविले हे कळल्यावर तर आम्हांस ते अधिकच जवळचे वाटू लागले.

चित्रकलेकडे रवींद्रनाथ वळले ते साठी उलटल्यावर. १९२४ साली दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी जोडून ते त्यांना आकार देत. व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी ते पाहिले, आणि त्यांच्याच पुढाकाराने मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल कलादालनात कवीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. १९४१ साली निधन होईपर्यंत दोन हजारांवर चित्रे त्यांच्या हातून झाली.

चित्रशाळेचे शिक्षण नव्हते, म्हणून साधनांचे सोवळेही नव्हते. लिहिण्याची शाई, रंगीत शाई, हाताशी येईल तो कागद. कुंचल्याऐवजी बोट, चिंधी वा टाकाची मागची बाजू. क्वचित फुलांच्या पाकळ्यांचा रस. शाई एकदा कागदात मुरली की पुसता येत नाही. तीवर दुसरा थर चढवावा लागतो. अशा थरांतून लांबट, सावळा, मुका चेहरा वर येतो.

हा चेहरा कोणाचा? थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय सनदी अधिकारी. आमच्या वाचकांप्रमाणेच घरापासून दूर, मुंबई इलाख्यात त्यांची नोकरी झाली. त्यांच्या कारवारच्या बिऱ्हाडी रवींद्रनाथ १८८३ साली राहून गेले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८४ मध्ये, त्यांची जवळजवळ समवयस्क वहिनी कादंबरीदेवी हिने आत्महत्या केली. तिचेच डोळे आपल्या चित्रांत उतरतात, असे त्यांनी नंदलाल बसूंपाशी उद्गार काढल्याचे सांगतात.

तथापि प्रत्येक चेहऱ्यावर तिचे नाव लिहिणे आम्हांस उचित वाटत नाही. स्वतः कवीनेही चित्रांना नावे देण्याचे बहुधा टाळले. इतकेच म्हणावे, की खोडलेला शब्द ज्याने नाहीसा होऊ दिला नाही, त्याने चाळीस वर्षांचे दुःखही तसेच जपले. तैलरंगाच्या रीतसर तसबिरीत ते मावले असते का, याची आम्हांस शंका आहे.

दिल्लीस नेमणूक असलेल्यांनी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, आणि बंगालमध्ये असलेल्यांनी शांतिनिकेतनच्या रवींद्रभवनात, एखादी सुटी या चित्रांसाठी अवश्य राखून ठेवावी.