चाकांवरचा संसार : ओरेगॉनच्या वाटेवरील घरगुती युक्त्या

१/
सप्टेंबर १९६० मध्ये अमेरिकी लेखक जॉन स्टाइनबेक ट्रकवर बांधलेल्या एका छोट्या घरातून आपला देश पाहायला निघाला. कपडे धुण्यासाठी त्याने एक साधी युक्ती योजली. झाकणाच्या मोठ्या बादलीत मळके कपडे, पाणी आणि साबण घालून ती बादली त्याने लवचिक दोरीने कपाटात टांगली. दिवसभर ट्रक हेलकावे खात राही आणि कपडे आपोआप घुसळून निघत.

२/
रस्त्याच्या हिसक्यांकडून घरकाम करून घेण्याची ही कल्पना त्या भूमीत शंभर वर्षांहून जुनी होती. आज ज्याला ‘आरव्ही’ म्हणतात, त्या चाकांवरच्या घराचा पूर्वज म्हणजे ओरेगॉनच्या वाटेवरची बैलगाडी. त्या गाडीत लाखो माणसांनी महिनोन्महिने संसार केला. तो कसा केला आणि त्यातल्या युक्त्या कोठवर पुरल्या, हे या धाग्यात पाहू.

३/
१८४० च्या दशकापासून मिसुरी नदीकाठच्या इंडिपेंडन्ससारख्या गावांतून स्थलांतरितांचे तांडे पश्चिमेकडे निघू लागले. १८४३ मध्ये सुमारे एक हजार माणसे एकाच हंगामात निघाली. वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची आणि प्रवास चार ते सहा महिन्यांचा. वसंतात गवत उगवल्यावर निघायचे आणि डोंगरांत बर्फ पडण्यापूर्वी पलीकडे पोहोचायचे, हे त्याचे वेळापत्रक.

४/
गाडीचा सांगाडा सुमारे ४ फूट रुंद आणि १० ते १२ फूट लांब असे. वर लाकडी कमानींवर ताणलेले जाड कापडी छत. पाऊस आत येऊ नये म्हणून त्या कापडाला जवसाचे तेल चोपडत. गवताळ मैदानात दुरून ही पांढरी छते शिडांसारखी दिसत, म्हणून या गाडीला ‘प्रेअरी स्कूनर’, म्हणजे माळरानातले गलबत, असे नाव पडले.

५/
आता थोडा हिशेब करू. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याने १८४५ मध्ये स्थलांतरितांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि १० पौंड मीठ न्यावे, असा सल्ला होता. म्हणजे माणशी ३९० पौंड. पाच माणसांचे झाले १,९५० पौंड, सुमारे ८८५ किलो.

६/
बैलांना फार न शिणवता गाडी साधारण २,००० ते २,५०० पौंड ओझे वाही. म्हणजे नुसत्या शिध्यानेच गाडी भरत आली. अंथरुणे, भांडी, हत्यारे कोठे ठेवायची? माणसे कोठे बसायची? उत्तर सरळ होते: माणसे बसत नसत. गाडीला स्प्रिंगही नव्हत्या. म्हातारी, आजारी आणि तान्ही मुले वगळता बहुतेकांनी ही वाट पायीच तुडवली.

७/
म्हणून पहिली युक्ती जागेची. काही जण गाडीत दुहेरी तळ बसवीत. खाली शिधा आणि वर फळ्यांवर गोधड्या. कापडी छताच्या आतल्या बाजूला खिसे शिवून त्यांत फणी, सुईदोरा, औषधे, चमचे ठेवत. मागच्या आसाखाली डांबर आणि चरबीच्या वंगणाची बादली लोंबकळे. गाडीतला एकही कोपरा रिकामा राहत नसे.

८/
दुसरी युक्ती एका वस्तूला दोन कामे लावण्याची. अंडी मक्याच्या पिठाच्या पिंपात पुरून ठेवीत. पिठामुळे ती हिसक्यांनी फुटत नसत आणि जसजशी अंडी संपत, तसतसे पीठही खाण्यात येई. केवळ बांधाबांधीसाठी म्हणून काही नेणे या प्रवासात परवडणारे नव्हते.

९/
अमेरिकी लष्करातील अधिकारी रँडॉल्फ मार्सी याने १८५९ मध्ये ‘द प्रेअरी ट्रॅव्हलर’ हे प्रवाशांसाठीचे पुस्तक लिहिले. उष्ण प्रदेशात बेकन कोंड्यात पुरून ठेवावे म्हणजे त्याची चरबी वितळून जात नाही, असे तो सांगतो. लोणी टिकवण्यासाठी ते चांगले उकळावे, वर येणारा मळ काढीत राहावे आणि तेलासारखे स्वच्छ झाले की पत्र्याच्या डब्यात झाळून बंद करावे, असेही सांगतो. मराठी वाचकाला हे वाचून हसू येईल. मार्सी तूप कढवायला शिकवीत होता.

१०/
आणि ते लोणी? तेही गाडीच काढून देई. सकाळी धार काढून दूध किंवा साय लाकडी भांड्यात भरायची आणि भांडे गाडीला टांगायचे. खाचखळग्यांतून दिवसाला २०-२५ किलोमीटर गेल्यावर संध्याकाळी आत लोण्याचा गोळा तयार. स्टाइनबेकच्या बादलीची ही पणजी. ज्या हिसक्यांनी हाडे खिळखिळी होत, त्याच हिसक्यांकडून बायकांनी घुसळण करून घेतली.

११/
चाकांचे दुखणे वेगळे. कोरड्या हवेत लाकूड आकसे, आरे सैल होत आणि लोखंडी धाव निसटू लागे. अशा वेळी लाकडाच्या पाचरी ठोकत किंवा रात्री चाके ओढ्याच्या पाण्यात ठेवत. लाकूड फुगे आणि धाव पुन्हा घट्ट बसे. खोल नदी आडवी आली की गाडीच्या सांगाड्याच्या फटी डांबराने बुजवून तिचीच नाव करीत.

१२/
प्लॅट नदीकाठच्या मैदानात लाकूड जवळजवळ नव्हते. मग सरपण काय? रानरेड्यांचे, म्हणजे अमेरिकी बायसनचे, वाळलेले शेण. बायका आणि मुले चालता चालता ते ओच्यात गोळा करीत. आपल्याकडे रानगोवऱ्या वेचतात तसेच. पूर्वेकडून आलेल्या घरंदाज बायकांना प्रथम किळस वाटे. पण भूक लागली की किळस टिकत नाही.

१३/
त्या शेणाची किंमत त्या भूमीला आधीपासून ठाऊक होती. पॉनी, लकोटा, शायेन, शोशोनी अशा लोकांचा हा प्रदेश. झटपट उभारता-उतरवता येणारे तिपी, सामान ओढणारे लाकडी ट्रॅव्हॉय, सुके मांस आणि चरबी कुटून केलेले पेमिकन ही फिरत्या संसाराची साधने त्यांच्याकडे होतीच. स्थलांतरितांचे बैल मात्र नदीकाठचे गवत संपवीत गेले आणि त्याची झळ याच लोकांना बसली.

१४/
आता युक्तीची मर्यादा. प्लॅटचे पाणी गढूळ. बादलीत मक्याचे पीठ किंवा तुरटी टाकली की गाळ खाली बसे आणि वर पाणी नितळ दिसे. पण १८४९ पासूनच्या काही वर्षांत याच वाटेवर पटकीने कहर केला. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री पुरावा लागे. पाणी नितळ होते, निर्मळ नव्हते.

१५/
पटकी पाण्यातून पसरते, हे लंडनचा डॉक्टर जॉन स्नो १८४९ मध्येच मांडत होता. पण ते मान्य व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. वाटेवरच्या माणसांना ते कोठून कळणार? त्यांचा बचाव झालाच असेल तर तो कॉफीमुळे, कारण कॉफीसाठी पाणी उकळावे लागे. खरा उपाय चुलीवर होता, पण तो उपाय आहे हे कोणाला ठाऊक नव्हते.

१६/
दुसरी मर्यादा हेस्टिंग्जच्या पुस्तकात. त्याचा पिठामिठाचा हिशेब कामाचा होता. त्याच पुस्तकात त्याने एक जवळची वाटही सुचवली होती, जी लिहिताना त्याने स्वतः पाहिलेली नव्हती. १८४६ मध्ये डॉनर कुटुंबाचा तांडा त्या वाटेने गेला, वेळ गमावून बसला आणि सिएरा नेव्हाडाच्या बर्फात अडकला. तांड्यातील जवळपास निम्मी माणसे दगावली. एका पानावर विश्वासार्ह असलेला लेखक पुढच्या पानावरही तसाच असेल, असे नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने हे विसरू नये.

१७/
हे सारे आपल्याला कळते ते मुख्यतः रोजनिश्यांतून आणि त्यांतल्या अनेक बायकांच्या. अमेलिया स्टुअर्ट नाइट १८५३ मध्ये पती आणि सात मुलांसह आयोवातून निघाली. तिच्या रोजनिशीत भिजलेली अंथरुणे आहेत, चिखल आहे, पावसात पेटत नसलेली चूल आहे. ती गरोदर होती, हे मात्र ती उघडपणे लिहीत नाही. वाट संपत आली तेव्हा तिला आठवे मूल झाले, ते आपल्याला अखेरीस कळते.

१८/
लोणी आपोआप निघे, असे आपण सहज म्हणतो. पण गाईची धार कोण काढी, शेण कोण वेची, मुक्कामी पोहोचल्यावर पुरुषांनी बैल सोडले की रात्रीचा स्वयंपाक कोण करी? युक्तीमुळे कामातले एक काम वाचे. बाकीची कामे तिच्याच वाट्याला राहत. ओल्या अंथरुणाची ती एक ओळ म्हणूनच मोठा पुरावा आहे.

१९/
पुढे हा संसार सुटसुटीत होत गेला. १८६६ मध्ये टेक्सासमधील चार्ल्स गुडनाइट याने लष्करी गाडीला मागे खणांचे कपाट जोडले. त्याची फळी खाली पाडली की स्वयंपाकाचा ओटा तयार. गुराख्यांची ही ‘चक वॅगन’. आजच्या आरव्हीत भिंतीला घडी घालून बसणारे टेबल दिसते, तेव्हा हा ओटा आठवावा.

२०/
तर मित्रहो, कोणी चाकांवरच्या घरासाठीच्या सोप्या युक्त्या सांगू लागले, तर त्या जरूर ऐका. त्या बहुधा अनुभवाच्या असतात आणि फार जुन्याही असतात. फक्त दोन प्रश्न विचारीत जा. ही युक्ती खरेच संकट टाळते की फक्त नितळ दाखवते? आणि तिच्यामुळे वाचलेले श्रम नेमके कोणाचे? ओरेगॉनच्या वाटेवर या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळालेली अनेक माणसे कडेला पुरली गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या कबरींवर नावही उरलेले नाही.

(समाप्त)