खेचरावरचा आवाज

सैन्याचे सामर्थ्य आपण तोफांवरून आणि शिपायांच्या संख्येवरून मोजतो. परंतु शत्रूच्या मुलखात शिरलेल्या लहानशा तुकडीचे प्राण पुष्कळदा एका पेटीत साठवलेले असतात. ती पेटी म्हणजे बिनतारी संदेशयंत्र. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या अरण्यात लढलेल्या ‘चिंडिट’ पथकांचा इतिहास याची साक्ष देतो. या इतिहासाचा आरंभ आपल्याला परक्या नसलेल्या भूमीत झाला. ब्रिगेडियर ऑर्ड विंगेट यांनी १९४२ साली आपले सैनिक सागरच्या परिसरातील रानात, भर पावसाळ्यात तयार केले. आणि १९४४ च्या मोहिमेची सिद्धता ग्वाल्हेर-झाशीच्या मुलखात झाली.

विंगेट यांची कल्पना साधी, पण धाडसाची होती. सुमारे तीन हजार सैनिकांच्या लहान लहान तुकड्या कराव्यात, त्यांनी जपान्यांच्या पिछाडीस जाऊन रेल्वेमार्ग उखडावेत, आणि त्यांची रसद विमानातून खाली टाकावी. मागे रस्ता नाही, कोठार नाही. तेव्हा धान्य कोठे, केव्हा आणि किती हवे हे सांगणार कोण? ते काम बिनतारी यंत्राचे. यंत्र, त्याच्या बॅटऱ्या आणि त्या भारण्याचे इंजिन, हे सारे खेचरांच्या पाठीवरून चाले. मुक्काम पडला की ओझे उतरवायचे, झाडांवर तार टांगायची, मजकूर सांकेतिक लिपीत बसवायचा आणि मग तो पाठवायचा. दिवसभराच्या चालीने थकलेल्या माणसांना हे विश्रांतीपूर्वी करावे लागे.

यात विंगेट यांची एक दूरदृष्टी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. प्रत्येक तुकडीबरोबर त्यांनी हवाई दलाचा एक अधिकारी दिला. पुढे मलायातील बंडाळीच्या काळात नावारूपास आलेले रॉबर्ट थॉम्पसन हे त्यांपैकीच एक. वरून रान कसे दिसते, वैमानिकाला कोणती खूण पटते, हे जाणणारा माणूसच जमिनीवरून बोलत असे. ऐकणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बोलणे, हे संदेशाचे पहिले तत्त्व त्यात साधले होते.

१९४३ च्या फेब्रुवारीत या तुकड्यांनी चिंदविन नदी ओलांडली. मार्चमध्ये रेल्वेमार्ग तोडले, इरावती पार केली. तेथून माघारीचा हुकूम येताच त्या आणखी लहान गटांत विखुरल्या. अनेक गटांची खेचरे मेली किंवा मारून खावी लागली. जड यंत्रे नष्ट करून टाकावी लागली. यंत्र गेले आणि रसदही थांबली. आकाशात विमान असे, खाली उपाशी माणसे असत. परंतु दोघांमधले बोलणे तुटले होते. तीन हजारांपैकी आठशेहून अधिक लोक परतले नाहीत. जखमींना वाटेत सोडून जावे लागले. एका गटाने मात्र मोकळ्या माळावर हवाई छत्र्यांच्या कापडाची अक्षरे मांडून ‘विमान येथे उतरवा’ असे लिहिले आणि एप्रिलच्या अखेरीस एक डकोटा विमान खरोखरच उतरून आजारी व जखमी माणसे घेऊन गेले. संदेशाला एकच वाट असू नये, हा धडा त्या कापडाने दिला.

दुसरा प्रसंग १९४४ सालचा. ५ मार्चच्या रात्री ग्लायडर विमानांतून सैनिक ‘ब्रॉडवे’ नावाच्या रानातील माळावर उतरायचे होते. ‘पिकॅडिली’ नावाच्या दुसऱ्या माळावर ओंडके पसरलेले त्याच दिवशीच्या छायाचित्रात दिसले होते. त्यामुळे मने साशंक होती. संकेत दोनच ठरले होते. सारे ठीक असेल तर ‘पोर्क सॉसेज’. संकट असेल तर ‘सोया लिंक’, म्हणजे शिध्यातला शिपायांना मुळीच न आवडणारा सॉसेज. मध्यरात्र उलटल्यावर आसामातील तळावर शब्द आला : ‘सोया लिंक’. ताबडतोब पुढची उड्डाणे थांबली. परंतु शत्रूने गाठले की अन्य काही घडले, हे त्या एका शब्दावरून कळेना. ती रात्र तळावरच्या लोकांनी चिंतेत काढली. वस्तुतः माळावर जपानी नव्हतेच. गवतात दडलेल्या खाचा आणि ओंडके यांवर आदळून ग्लायडर मोडले होते, माणसे मेली होती. सकाळी ‘पोर्क सॉसेज’ आला आणि त्याच सायंकाळी तयार झालेल्या धावपट्टीवर डकोटा विमाने उतरू लागली.

त्या एका शब्दाचे मोल दुहेरी होते. तो आखूड होता म्हणूनच अंधारात, मोडतोडीच्या गोंधळातही पोहोचला आणि मागून येणाऱ्यांचे प्राण वाचले. परंतु तो परिणाम सांगत होता, कारण सांगत नव्हता. कोणते शब्द लागतील याचा विचार प्रसंगापूर्वी करावा लागतो. प्रसंगी शोधू गेल्यास ते सापडत नाहीत.

यंत्रे पुढे हलकी झाली, खिशात मावू लागली. तथापि ठरलेली वेळ, ठरलेला शब्द आणि ऐकणाऱ्याची जाण यांचे ओझे माणसालाच वाहावे लागते. ते कोणत्याही खेचरावर लादता येत नाही.