वायराकेईच्या पोटातलं पाणी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, टाउपो सरोवराजवळच्या वायराकेई इथलं भूऔष्णिक वीजकेंद्र 1958 साली सुरू झालं. विहिरींतून गरम पाणी आणि वाफ अखंड वर येऊ लागली. उपसा मोजणं सोपं होतं. पण जमिनीखाली त्याची भरपाई किती होते, हे कोणी कसं पाहणार?

उत्तर मिळालं गुरुत्वाकर्षणात. खडकाच्या फटींतलं पाणी जाऊन तिथे वाफ राहिली, की त्या जागेचं वस्तुमान घटतं आणि वरची ओढ किंचित कमी होते. 1961 पासून ठरावीक खुणांवर पुन्हा पुन्हा मोजणी झाली. मोजणीचं उपकरण म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन; ते प्रत्येक खुणेवर पाणसळीत आणायचं, वाचन घ्यायचं, मूळ ठिकाणी परतून ते ताडून पाहायचं. चंद्रसूर्याच्या ओढीचा हिशेबही वजा करायचा.

खरी अडचण वेगळीच होती. जमीनच खचत होती, एका ठिकाणी तर पुढे 14 मीटरहून अधिक! उंची एक सेंटिमीटर घटली तरी वाचन सुमारे तीन मायक्रोगॅलने (गुरुत्वाकर्षण मोजण्याचं सूक्ष्म एकक) वाढतं; म्हणून प्रत्येक खुणेची उंचीही नव्याने मोजावी लागे. ही चिकाटी थक्क करणारी आहे.

भूभौतिकशास्त्रज्ञ ट्रेव्हर हंट यांनी 1970 मध्ये या नोंदींवरून वस्तुमानाची निव्वळ घट मांडली. सुरुवातीला भरपाई तुटपुंजी होती. नंतर बराचसा उपसा भरून निघू लागला.

ही पद्धत जमिनीपुरती राहिली नाही. 1998 मध्ये नॉर्वेजवळच्या समुद्रातल्या ट्रोल नैसर्गिक वायुक्षेत्रात हीच मोजणी समुद्रतळावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सुरू झाली.