टिपलेला शिंजीर

एप्रिल १९०२. वरंगळजवळच्या नेकोंड्याला लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत. हा गाजलेला फोटो हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचा. वाघ हलणार नव्हता, पाहुणेही दम धरून उभे राहिले. राजवाडे, फौजा, शिकारी सारे दीनदयाळांनी काचेवर उतरवले. बागेतला बोटभर शिंजीर मात्र त्या तिपाईवरच्या जड कॅमेऱ्याच्या हाती लागणारा नव्हता. इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या फोटोंचे पुस्तक काढले, तेही घरट्यांचे. घरटे उडून जात नाही.

मराठीत पक्षी बंदुकीनेही टिपतात आणि कॅमेऱ्यानेही. हैदराबाद संस्थानात आधी बंदूक आली. १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी निजाम सरकारच्या मदतीने संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, सोबत पत्नी तेहमिना होत्या. मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात. वटवट्या असो की शिंपी, पक्षी टिपायचा, कातडे सोलून कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: तारीख, गाव, नर की मादी. १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये अहवाल छापून आला. चिठ्ठी नसती तर ती कातडी म्हणजे नुसती पिसे.

१९८० मध्ये हैदराबाद शहरात पक्षीनिरीक्षकांची संस्था उभी राहिली, आजची डेक्कन बर्डर्स. आधी दुर्बीण आणि वही, मग डिजिटल कॅमेरा. आता अमीनपूर तलावाकाठच्या झुडपात सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात शिंजीर पकडता येतो, तोही जिवंत. ही फार मोठी कमाई आहे.

खरी कसोटी घरी, संगणकासमोर. विणीच्या हंगामात जांभळ्या शिंजिराचा नर उन्हात निळा-जांभळा झळाळतो, सावलीत काळाठिक्कर दिसतो. सावली थोडी उजळली की पिसे दिसू लागतात. रंग ओढून चढवला की पक्षी खोटा होतो. हंगाम सरला की नराचे पोट मादीसारखे पिवळे होते, गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी उरते. फोटो ‘स्वच्छ’ करताना कुणी ती डाग समजून पुसली, तर नराची मादी झाली!

फोटोच्या फाइलमध्ये तारीख आपोआप नोंदली जाते. ती पुसू नका, आणि जागेचे नाव स्वतः लिहून ठेवा. सालिम अलींची चिठ्ठी तीच.